कॅसेट उलटताना गेलेलं

सर्जेरावनं कोयता दारातच कमरेचा सोडवला; पण त्याआधी पायातल्या चपला काढल्या. करकरणाऱ्या कापशी चपला. उंबऱ्याबाहेर जोडीनं नीट ठेवल्या, आत आला आणि दौलतच्या तोंडावर कोयत्याची मूठ घातली.

ओला नारळ फुटावा तसा आवाज झाला. दौलत खिडकीखाली मांडी घालून बसला होता, तो तसाच मागं भिंतीवर आदळला. भुवई फाटून रक्त डोळ्यात उतरलं. सर्जेरावनं छातीत लाथ घातली, केसाला धरून त्याला सरळ बसवलं आणि दुसरी घातली. दौलतनं हात वर केला नाही. एवढा तालमीतला गडी, मान म्हणजे जात्याचा खुंटा. मनात आणलं असतं तर सर्जेरावला बसल्या जागी उलथा केला असता. पण तो मार असा खात होता, की कधीपासून त्याचीच वाट बघत होता.

आणि हे चाललेलं असताना टेबलावरच्या डेकमधून धुंडिराजबुवा कवलापूरकर खड्या आवाजात सांगत होते, "आणि मंडळी, किल्लेदार रायाजीनं कंबर बांधली!" मागून झांज खणाणली.

कोयता वर गेला.

"सर्ज्या!" रुथबाई सिस्टर ओरडल्या. "कीर्तन लागलंय. कळत नाही?"

कोयता वरच थांबला. सर्जेरावनं डेककडं बघितलं, मग सिस्टरकडं.

"मग बंद करा की ते."

"या घरात बाजू मधे बंद करत नाहीत. रंगा सांगत होता ना तुला?"

रंगाचं नाव निघालं तसा सर्जेरावनं कोयता हळूहळू खाली घेतला.

"संपली की याला अंगणात न्हेणार," तो म्हणाला. "तुमच्या घरात रगात नगं, सिस्टरबाई. पर न्हेणार. मधी कोण आलं तर त्याला बी."

"बस खाली."

तो बसला. दारातच, चौकटीला पाठ लावून, कोयता मांडीवर आडवा घेऊन. घराला दार ते एकच. आम्ही चौघं आत, तो दारात, आणि बुवांचं कीर्तन चालू.

तेव्हाचं आमचं गाव म्हणजे मागांचं गाव. आठवडाभर खडाखड, खडाखड. माणसं बोलायची ती ओरडूनच. शुक्रवारी माग बंद. त्या दिवशी दुपारी गावाला नवे कान फुटायचे. चिमण्या ऐकू यायच्या, शेजारणीची फोडणी ऐकू यायची. त्या शांततेत आम्ही सिस्टरच्या घरी जमायचो. कुणी आला की "बरं आहे का" असं विचारायची पद्धत नव्हती. सिस्टर विचारायच्या, "सध्या काय ऐकताय?" मग ज्यानं त्यानं पिशवीतून कॅसेट काढायची. नेम एकच. प्रत्येकाची एक बाजू, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मधे बोलायचं नाही, उठायचं नाही, बंद करायची नाही. आवडो न आवडो. बाजू संपली की मग काय ती वाहवा नाहीतर शिव्या.

रुथबाई सातपुते मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या, तेव्हा निवृत्त झालेल्या. अर्धं गाव त्यांच्या हातात जन्मलेलं. सर्जेराव आणि रंगा हे मोहित्यांचे दोन्ही भाऊसुद्धा. डेक त्यांच्या मुलानं मस्कतहून पाठवलेला. त्या चर्चची भजनं लावायच्या, आणि त्यांत आमच्याच ओव्यांची चाल सापडली की मी खूश व्हायचो. हसनभाई मोमीन मागांचे जॉबर, म्हणजे बिघडलेला माग हातानं नीट करणारे. ते कव्वाली आणायचे आणि प्रत्येक बाजूच्या शेवटी डोळे पुसायचे. मी केशव खटावकर, सुताला खळ लावायच्या कारखान्यात कारकून. मला वेड कीर्तनाचं. आजूबाजूच्या दहा गावांत कुठंही उत्सव असो, सायकलवर टेपरेकॉर्डर बांधून मी हजर. बुवांच्या पुढ्यात माईकशेजारी बसायचो आणि भरून आणायचो. माझ्या घरात देवाच्या फळीखाली दुसरी फळी कीर्तनांची होती. आंघोळ केल्याशिवाय तिला हात लावत नसे.

आणि दौलत. त्याला या घरात आणला रंगानं. दोघं एका तालमीतले, एका ताटातले. रंगाला पितळी बँडचा नाद. लग्नाच्या वरातीचा बँड! मिरजेच्या बाजारातून त्यानं एक कॅसेट आणली होती, तिच्यात नुसत्या तुताऱ्या आणि ताशे. हसनभाई कानांवर हात ठेवायचे. रंगा हसून म्हणायचा, "बाजू पुरी करा, भाई. नेम हाय."

ती कॅसेट दौलतनं एकदा ऐकायला म्हणून मागून नेली. त्याच आठवड्यात जत्रा होती. मैदानात रंगाचा जोड आलाच नाही. पंचांनी दोघांना एकमेकांवर सोडलं. एका तालमीतली पोरं, तेव्हा खेळ दाखवतील आणि सोडून देतील, असं ठरलेलं. पण लोकांनी गलका केला, "खरी करा! नाटकं नगंत!" हलगी तापली. दौलतनं ढाक लावली, गडी पाठीवरून उलथा फेकायचा डाव. रंगा मानेवर पडला.

सहा महिने अंथरुणात होता. मानेखालचं काही हलत नव्हतं. दिवाळीच्या तोंडाला गेला. आई नव्हती; सर्जेरावनंच त्याला दूध-बदामावर वाढवलेला, स्वतः कोरडी भाकरी खाऊन. तेराव्याला भर पंगतीत तो म्हणाला होता, "वरीस सरायच्या आत दौलत्याला रंग्याकडं पाठिवतो."

तेव्हापासून दौलत तालमीत गेला नाही. शुक्रवारी तेवढा यायचा. सिस्टर विचारायच्या, "सध्या काय ऐकतोस?" आणि तो दर वेळी तीच कॅसेट काढायचा. पितळी बँड. आम्ही नेमानं ती बाजू ऐकायचो. पहिल्यांदा हसनभाई चेष्टा करायचे, "अरे बाबा, नवरी म्हातारी झाली, आता तरी वरात थांबव!" मग ती चेष्टाही बंद झाली.

आता दौलत रक्ताळलेल्या तोंडानं भिंतीला टेकला होता आणि ती कॅसेट त्याच्या सदऱ्याच्या खिशात होती. त्याची पाळी माझ्यानंतर होती.

डेकमध्ये माझी कॅसेट. ती मीच निवडून आणली होती, आणि तेवढ्यासाठी त्या वेळी मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं. फळीवर काय काय होतं! वात्सल्याची कीर्तनं होती, करुणेची होती, दगड पाझरावा अशी होती. आणि मी आणलं होतं किल्लेदार रायाजीचं आख्यान. रायाजीचा एकुलता एक मुलगा एका स्वारानं मारलेला असतो, आणि रायाजी त्या स्वाराच्या मागावर निघतो. धुंडिराजबुवा वीररसाचे राजे. त्यांनी घोडा सांगितला की टापा ऐकू यायच्या.

"पहिल्या गावानं स्वाराला आसरा दिला," बुवा गर्जत होते. "रायाजीनं ते गाव पेटवलं! दुसऱ्या गावानं पाणी पाजलं. पाटलाचे हात तोडले!"

सर्जेरावची मान हलली. बरोबर आहे, अशी.

सिस्टर उठल्या. "आवाज जरा कमी करते," म्हणाल्या.

"उठायचं न्हाई असा बी नेम हाय न्हवं?"

"डेकपाशी मीच बसते नेहमी. कान दुखतायत माझे."

त्यांचा हात आवाजाच्या चकतीकडं गेला आणि जाता जाता खालचं एक बारीक बटण सरकवून आला. ते मला दिसलं. त्या डेकची एक खुबी होती. ते बटण सरकवलं की एक बाजू संपल्यावर तो थांबत नसे, आतल्या आत पालटून दुसरी बाजू चालू करायचा. आम्ही ते कायम बंद ठेवायचो, कारण आमचा नेम एका बाजूचा. दुसरी बाजू म्हणजे आणखी अर्धा तास. अर्ध्या तासात पांडुरंगाला काय अशक्य आहे?

हसनभाई हळूच म्हणाले, "सर्जेराव, मला जरा बाहेर..."

"बसा, भाई." त्यानं कोयता नुसता सरळ केला. "किर्तनातनं उठू न्हाई. पाप लागतं."

हसनभाई बसले. दौलतच्या हनुवटीवरून रक्त ठिपकत होतं. सिस्टरनं आपला पदर त्याच्या भुवईवर धरला. बुवा पुढं निघाले होते. गावांमागून गावं जळत होती, पोरं मायांना आणि माया पोरांना हाका मारत होत्या. उत्सवात मी हे ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर शहारे आले होते, आणि मी मांडीवर थाप मारून दाद दिली होती. आता दाराच्या चौकटीला टेकलेला एक माणूस ते प्यायल्यासारखा ऐकत होता. कोयत्याच्या पात्यावरून त्याचा अंगठा पुढं जायचा, मागं यायचा.

दौलत कुजबुजला, "सर्जादा."

"गप. बाजू चालू हाय."

"पळाला, पळाला," बुवांचा आवाज खाली आला, "आणि शेवटी तो स्वार एका देवळात शिरला. सभामंडपाच्या खांबाला मिठी मारून बसला. मागोमाग रायाजी. अंगावर सात गावांची राख. समोर देव. मधे तो खांबाला चिकटलेला जीव. रायाजीनं तलवार उपसली. तलवार वर गेली मंडळी, वर गेली, आणि..."

खट्.

डेकच्या पोटात काहीतरी फिरलं. सर्जेराव एक गुडघा टेकून उठला होता, आणि त्याच अवस्थेत तो थांबला, कारण डेकमधून शेकडो माणसांचा गजर उसळला: "विठ्ठल विठ्ठल, विठ्ठल विठ्ठल!" मग झांजा, मग बुवा, शांतपणे: "त्या देवळाच्या दारात ती तलवार आजही मातीत रोवलेली आहे. तिला गंज चढलेला नाही, असं म्हणतात..."

सर्जेरावनं कपाळाला आठ्या घातल्या. "हे काय? मधलं कुटं गेलं?"

त्यानं कोयत्याचं टोक डेककडं केलं.

"मारला का सोडला?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. कॅसेट माझी, भरायला मी बसलेलो. सर्जेराव माझ्यापाशी आला आणि कोयत्याचं टोक माझ्या गळ्याच्या खळीत टेकवून म्हणाला, "पंत, तुमी हुता तितं. सांगा. मारला का सोडला?"

'सोडला' म्हणायला एक क्षण पुरला असता. शब्द जिभेवर आलाही होता. पण कीर्तनात नसलेलं शब्दानंही बुवांच्या तोंडी घालायचं, ही गोष्ट माझ्याकडून जन्मात झालेली नव्हती. आणि खरं सांगायचं तर खोटं बोलण्याइतकंही मला माहीत नव्हतं.

"मला ठाऊक नाही," मी म्हणालो.

"ठावं न्हाई?"

"बाजू संपली की कॅसेट काढून उलटी घालायची. तेवढ्यात बुवा जे बोलतात ते जातं. प्रत्येक कीर्तनात जातं. आणि मी... माझं सगळं लक्ष कॅसेटकडं असतं. झाकण लागतंय का, चक्र फिरतंय का. माझ्या कानांत तेव्हा काही शिरत नाही. लोक गजर करायला लागले तेव्हा मी मान वर केली."

"मंजे म्होरं बसून तुमाला बी ठावं न्हाई?"

"नाही. देवाशपथ नाही."

सर्जेराव माझ्याकडं बघत राहिला. मग हसला.

"बाजू संपली," तो म्हणाला.

"संपली नाही, दुसरी चालू आहे," सिस्टर म्हणाल्या.

"येका मान्साची येक बाजू. रंग्या सांगायचा." त्यानं दौलतच्या गळपट्टीला हात घातला. "तुमचाच नेम हाय, सिस्टरबाई."

त्यानं दौलतला फरपटत नेला. उंबऱ्यावर दौलतचं डोकं आपटलं. मी मागून सर्जेरावच्या कमरेला मिठी मारली. आयुष्यात मी कुणाशी कधी झोंबलो नव्हतो. त्यानं मागं न बघता मूठ फिरवली. माझ्या खांद्याचं हाड कट्कन बोललं आणि उजवा हात कुणी उपटून नेल्यासारखा लोंबायला लागला. मी पायरीवर पडलो. हसनभाई अंगणाच्या भिंतीवरून उडी टाकून गल्लीत धावले, "धावा! टेंपो! कुणाचा टेंपो हाय का रे!" ओरडत. सिस्टर उघड्या डोक्यानं अंगणात आल्या.

अंगणात धुणं धुवायचा दगड होता. सर्जेरावनं दौलतला त्याच्यावर ढकललं. "बस गुडघ्यावर."

दौलत बसला.

"हात चालव की रं! पैलवान हायस न्हवं? रंग्यावर चालवलास तसा चालव!"

दौलतनं डावा हात खाली ठेवला आणि उजव्या हातानं खिशातली ती कॅसेट काढून पुढं धरली. "रंगाची हाय. द्यायची ऱ्हायली."

मला अजून वाटतं, त्या कॅसेटनंच त्याला पेटवलं. तिच्यावर रंगानं शाईच्या पेनानं नाव घातलं होतं, वाकड्या अक्षरात. ते नाव बघून सर्जेरावच्या तोंडातून जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. कोयता आला. मानेवर येत होता. दौलतनं मान काढली नाही, पण पुढं धरलेला तो हात मधे आला. कोयता कोपराखाली बसला, हाडात रुतला. सर्जेरावनं पाय लावून तो उपसला आणि मग रक्त उडालं. कारंजं नव्हे, पिचकारी. थांबून थांबून, काळजाच्या ठोक्याला. दगडावर, सिस्टरनी तुळशीसारख्या जपलेल्या गवती चहावर, सर्जेरावच्या तोंडावर.

कोयता दुसऱ्यांदा वर गेला.

"थांब," सिस्टर म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. वॉर्डमध्ये बोलतात तशा बोलल्या. "आता कोयत्याची गरज नाही. तुझं काम झालंय. चहा निवायच्या आत जाईल तो."

सर्जेराव बघत राहिला. दौलत कलंडला होता. चेहरा कागदासारखा झाला होता.

सिस्टर दगडापाशी बसल्या आणि दौलतच्या दंडाच्या आतल्या बाजूला दोन्ही अंगठे रोवले. पिचकारी मंदावली, पुन्हा उडाली. त्यांची बोटं संधिवातानं वाकडी झालेली. चहाचा कप त्या दोन हातांनी उचलायच्या.

"माझ्या हातात जोर नाही," त्या म्हणाल्या. "केशवाचा खांदा गेलाय. हसन नाही. सर्ज्या, इकडं ये."

"म्या?"

"दुसरं कोण आहे इथं?"

"म्या न्हाई."

"नको तर नको. तिथं उभा राहा आणि बघ. पण बघून झाल्यावर 'मी मारला' असं म्हणायचं, 'मेला' म्हणायचं नाही."

घरातून बुवांचा आवाज येत होता, पेटी येत होती. कुणाचं लक्ष नव्हतं. सिस्टरचे अंगठे घसरत होते. दर घसरण्याला रक्त उडत होतं, दर वेळी थोडं कमी जोरानं.

कोयता मातीत पडला.

सर्जेराव गुडघ्यावर आला. सिस्टरनी त्याचा अंगठा धरून दंडावर ठेवला. "इथं नाही. इथं, आत. ठोका लागतोय? तो हाडावर दाब. दाब! ऊस मोडतोस, एवढं होत नाही?"

त्यानं दाबलं. रक्त थांबलं.

"आता ऐक. हा ठोका तुझ्या अंगठ्याखाली आहे. हलवलास की गेला. खाजलं तरी हलवायचा नाही, रडू आलं तरी नाही."

दौलतनं डोळे उघडले. अगदी जवळ सर्जेरावचं तोंड, त्याच्यावर दौलतचंच रक्त. दौलतचे ओठ हलले. "सोड, सर्जादा. सोड."

"गप रं," सर्जेराव म्हणाला.

टेंपो आला. माग-बाजारातला सुताचा टेंपो, आत बाचकी. हसनभाई आणि टेंपोतल्या दोघांनी दौलतला उचललं, सर्जेराव त्याला जोडल्यासारखा बरोबर चढला. मला पुढं बसवलं. मिरजेपर्यंत रस्ता असा, की दर धक्क्याला माझं हाड आत करकरत होतं आणि मी ओरडत होतो. मागून आवाज नव्हता. मधल्या काचेतून वळून बघितलं. सुताच्या बाचक्यांवर दौलत हात पसरून पडलेला, सिस्टर त्याचं डोकं मांडीवर घेऊन ओठांतल्या ओठांत प्रार्थना करतायत, हसनभाई पाय धरून बसलेत. आणि सर्जेराव. डोळे मिटलेले, दात आवळलेले, मानेच्या शिरा तटतटलेल्या, सगळं शरीर त्या एका अंगठ्यात गेलेलं. रस्त्यात कुठंही त्याला नुसता हात सैल सोडायचा होता. खड्ड्यांची काय कमी होती! कुणी म्हटलंही नसतं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "सोडा आता." त्यानं सोडलं नाही. पुन्हा म्हणाले. मग दोन वॉर्डबॉयनी एकेक बोट करून त्याचा हात सोडवला. अंगठा तसाच वाकडा राहिला होता. पोलीस येईपर्यंत तो बाकावर बसून होता आणि समोर बघत होता. मला म्हणाला, "पंत, मारला का सोडला, ते कुणाला तरी इचारून ठेवा."

जन्मठेप चुकली, पण तो बरीच वर्षं आत होता. दौलत जगला. हात राहिला, पण बोटं मिटत नाहीत. कोर्टात त्यानं साक्ष दिली, "कोयता त्यानं घातला आणि जीव बी त्यानंच धरला. दोन्ही लिवा." न्यायाधीशांनी चष्मा काढून त्याच्याकडं बघितलं होतं.

मी विचारत राहिलो. धुंडिराजबुवा त्याच वर्षी देवाघरी गेले होते. त्या उत्सवाला बसलेली माणसं गाठली. एक म्हणाला, मारला, मला स्वच्छ आठवतंय, रक्ताचा अभिषेक झाला देवाला. दुसरा म्हणाला, छे, सोडला, म्हणून तर तलवार मातीत रोवली. एक आजीबाई म्हणाल्या, स्वतःच्याच पोटात खुपसली बाबा. तिघंही शपथेवर.

शुक्रवार चालूच होते. एका शुक्रवारी दारात कापशी चपला जोडीनं ठेवलेल्या दिसल्या. सर्जेराव उंबऱ्याबाहेर उभा होता. केस पांढरे, अंगानं निम्मा. आत दौलत बसलेला. हसनभाईंचा हात छातीवर गेला.

सिस्टर आता खाटेवरच असायच्या. तिथूनच त्यांनी विचारलं, "सध्या काय ऐकतोस?"

"काय ऐकनार? त्या किर्तनातलं मधलं ऱ्हायलंय."

"बस मग. रांगेत."

त्यानंतर तो यायचा, दौलतपासून चार हात लांब बसायचा. दोघं बोलत नसत. पण आमच्या शुक्रवारची बातमी अशीच कानोकानी फिरत फिरत कवठ्याच्या एका सोनारापर्यंत गेली. त्यालाही भरायचा नाद. त्या उत्सवात तोही होता, सभामंडपाच्या दुसऱ्या खांबापाशी. त्याची कॅसेट जास्त लांबीची होती, म्हणून त्याला उलटावी लागली ती दुसऱ्या जागी. तो स्वतः घेऊन आला.

डेकमध्ये घालायला दौलत उठला. डाव्या हातानं झाकण लावलं.

पुन्हा ती गावं जळाली, पाटलाचे हात तुटले. सर्जेराव मान खाली घालून बसला होता. देऊळ आलं. खांब आला. "तलवार वर गेली मंडळी, वर गेली, आणि..."

आणि बुवा थांबले. कॅसेटवर पेटीही थांबली. पेल्यातलं पाणी प्यायल्याचा आवाज आला.

"आणि काय केलं त्यानं?" बुवा म्हणाले. "सांगा. तुम्ही सांगा."

लांब कुठंतरी तान्हं मूल रडलं. कुणी खोकलं. बाकी एवढ्या मोठ्या मंडपात शांतता. त्या शांततेतच बारीक एक खट् ऐकू आलं. तो मी होतो, माझ्या टेपरेकॉर्डरचं झाकण उघडत.

"नाही ना सांगवत?" बुवांचा आवाज गदगदला होता. "मलाही नाही सांगवत. माझ्या गुरूंनीही मला सांगितलं नाही. इथं आलं की ते गजर करायचे. म्हणून म्हणतो, विठ्ठल विठ्ठल..."

गजर उसळला. सर्जेरावचा उजवा अंगठा त्याच्याच गुडघ्यावर घट्ट दाबलेला होता. नख पांढरं पडलं होतं.

"आयला," तो दौलतकडं वळून म्हणाला, "बुवाला बी ठावं नव्हतं रं!"

"गप्प बसा दोघं," सिस्टर खाटेवरून म्हणाल्या. "बाजू संपायची आहे अजून."